मावळत्या हिवाळ्यातील हिमवाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



देहरादूनला बदलून आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या हिवाळ्यात मसुरीच्या बर्फाचे अप्रूप असते. दुसऱ्या हिवाळ्यात घरातील तरुण मुले केदारकंठ्याचा विषय काढतात. सह्याद्रीतील किल्ले पालथे घातलेल्या या मुलांना चढाचे भय नसते. म्हणूनच त्यांच्यापुढे, आणि त्यांच्या पालकांपुढेही, फाल्गुनातील त्या वाटेविषयी काही सांगावे असे मनात आले.

केदारकंठा उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. पुरोला-मोरीमार्गे येथून सुमारे 200 किलोमीटरवर असलेल्या सांक्री गावातून वाट सुरू होते. सांक्रीची उंची सुमारे 1,900 मीटर, म्हणजे पायथ्याचे गावच आपल्या 1,646 मीटरच्या कळसूबाईहून उंच! माथा सुमारे 3,800 मीटरवर. देवदार आणि खर्सूच्या रानातून वाट वर चढते आणि माथ्यावरून स्वर्गारोहिणी व बंदरपूंछ यांचे जे दर्शन घडते, त्याचे वर्णन करण्याच्या भरीस मी पडत नाही.

सह्याद्रीचा कातळ सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी असतो. हिमवाटेचे तसे नाही. तेथे पायाखालची जमीनच प्रहराप्रहराला पालटते. आपण मराठी माणसे आकाशातून पडणाऱ्या हिमालाही बर्फ म्हणतो आणि उसाच्या रसात घालतात त्यालाही बर्फच म्हणतो. गढवालीत मात्र पडणाऱ्या हिमाला ‘ह्यूं’ असा निराळा शब्द आहे. ज्यांना त्यात वावरायचे आहे, त्यांना हा भेद करावाच लागतो.

हिवाळाभर पश्चिमी विक्षोभांमुळे हिमाचे थरावर थर साचतात. नवा थर हलका, जुना दबलेला. त्यांची सांधेजोड सर्वत्र सारखी नसते. मार्चमध्ये ऊन तापू लागले की वरचा थर वितळतो, पाणी आत झिरपते आणि ही सांधेजोड सैल होते. रात्री आभाळ निरभ्र असेल तर हिमातील उष्णता वर निघून जाते, पृष्ठभाग गोठतो आणि पहाटे त्यावर कठीण कवच मिळते. बुटांना काटे बांधून माणूस त्यावरून निर्धास्त चालतो. ऊन चढले की तेच कवच मऊ पडते आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो. 30 ते 45 अंशांच्या उतारावर तर सारा थरच खाली येण्याचा संभव असतो. यासाठीच मध्यरात्रीनंतर निघून उन्हे तापण्यापूर्वी खाली यावयाचे, हा तेथील शिरस्ता. पहाटे तीनला उठवणे हा वाटाड्याचा जुलूम नव्हे! काळा चष्मा हीदेखील चैन नव्हे; ताजे हिम प्रकाशाचा बहुतांश भाग परत फेकते आणि उघडे डोळे एका दिवसात सुजतात.

हिमस्खलनाचा अभ्यास करण्यासाठी 1969 साली मनाली येथे हिम तथा हिमस्खलन अध्ययन संस्था स्थापन झाली. 2020 साली ती एका नव्या संरक्षण संशोधन संस्थेत विलीन झाली. तेथून इशारे प्रसृत होतात, ते जरूर पाहावेत. परंतु अमुक उतार आज सकाळी कसा आहे, हे इशाऱ्यात लिहिलेले नसते. ते तेथे उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमची बारा जणांची तुकडी गेली होती. रात्रभर आभाळ भरलेले होते. निघताना आमच्या वाटाड्याने काठी हिमात खुपसली. ती सहज आत गेली. कवच धरलेच नव्हते. तरीही तो आम्हांला शेवटच्या उतारापर्यंत घेऊन गेला, तेथे पुन्हा काठी खुपसून पाहिली आणि परत फिरा म्हणाला. माथा समोर दिसत होता. मुले हिरमुसली, एकदोघे तर चिडलेच. त्या दिवशी तो उतार घसरला नाही, आणि नेमके हेच मुले आजही मला ऐकवतात : ‘काका, काही झाले तर नाही!’

माझ्या मते वाटाड्याचा निर्णय बिनचूक होता. उतार घसरला असता तरच तो बरोबर ठरला असता, हा युक्तिवाद मला मान्य नाही. आपल्या वार्षिक सभेत माथा गाठणाऱ्यांची नावे टाळ्यांच्या गजरात वाचली जातात. त्या बारा जणांची वाचली गेली नाहीत. हेही मला रुचलेले नाही, आणि कार्यकारिणीला मी ते कळविले आहे.

यंदाची तुकडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निघत आहे. आयुष्यभर अर्जांचे नमुने तयार करीत आलेल्या माणसाने त्यांच्याही अर्जात एक ओळ वाढवून घेतली आहे : ‘वाटाड्याने परत फिरण्यास सांगितल्यास मी तत्काळ फिरेन व कारण सांक्रीस उतरल्यावर विचारीन.’ खाली सहीसाठी दोन जागा आहेत. एक मुलामुलींची आणि दुसरी आईवडिलांची.