पाहुणे आणि गाव



चित्रपटावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस उभा केला, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटत असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, मोर्चात आणि जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात. तेव्हा कलेची चिकित्सा आमच्याकडून अपेक्षू नये. शहरची माणसे आडवळणाच्या गावी जातात तेव्हा काय होते, एवढ्याच प्रश्नापुरते आम्ही बोलणार आहोत.

1998 साली ताकाशी मिइके या जपानी दिग्दर्शकाचा एक चित्रपट आला. त्याच्या नावाचा अर्थ 'चीनमधली पक्षीमाणसे'. एका जपानी कंपनीचा नोकरदार जेड नावाच्या मौल्यवान दगडाच्या शोधात चीनच्या युन्नान प्रांतातल्या डोंगरी खेड्याकडे निघतो. कंपनीकडून पैसे येणे असलेला एक गुंडही त्याच्या मानगुटीवर बसून बरोबर जातो. मोडकी गाडी, चिखल, कासवांनी ओढलेला तराफा. हसून हसून पुरेवाट होते. गावात पोचून पाहतात तो एक मुलगी पोरांना पंख बांधून उडायला शिकवते आहे! मग मौज अशी होते, की वसुलीला आलेला गुंडच गावावर भाळतो. बाहेरचे जग इथे शिरले तर गाव नासेल, ते आहे तसेच राहिले पाहिजे, असा हट्ट धरून बसतो.

आता आपल्याकडे या. 2008 साली उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' आला. कुसवडे गावात देवाला सोडलेला एक वळू आहे. गावात काहीही मोडो, सांडो, नाव त्याचेच. त्याला धरायला वनखात्याचा अधिकारी येतो; ते काम अतुल कुलकर्णींनी केले आहे. अधिकाऱ्याचा धाकटा भाऊ कॅमेरा घेऊन येतो. कॅमेरा पाहताच गाव नटू लागते. जो तो वळूची कथा तिखटमीठ लावून सांगतो. सरपंचाचा गट एकीकडे, विरोधक दुसरीकडे. वळू राहतो बाजूला. पोट धरून हसावे, आणि हसताना आपलेच गाव ओळखावे, असा तो चित्रपट आहे.

दोन्ही चित्रपट मिळून तीन प्रकारचे पाहुणे दिसतात. पहिला न्यायला येतो. दुसरा गाव जसेच्या तसे जपायला येतो. तिसरा गावाची अडचण सोडवायला येतो. पहिल्याला आपण लबाड म्हणतो. पण दुसऱ्याला आम्ही विचारू, बाबा रे, वीज आणि रस्ता नको हे तू कोणाला विचारून ठरवलेस? डोंगरातल्या बाईला अडल्या वेळी दवाखाना गाठायचा असतो. तुझ्या डोळ्यांच्या सुखासाठी तिने अंधारात का राहावे? आणि तिसऱ्याने ध्यानात ठेवावे, की गाव ज्याच्याकडे बोट दाखवते तोच दोषी असतो असे नाही.

हे आम्ही बीडमध्ये बोलतो आहोत, त्याला कारण आहे. 2019 साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. गावोगाव कॅमेरे आले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 बायांची पाहणी झाली. त्यांत 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाहुणे आले म्हणून हा आकडा उजेडात आला, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो.

पण पुढे काय झाले? कोणी म्हणाले, डॉक्टर लोभी. कोणी म्हणाले, बाया अडाणी. म्हणजे ज्याला त्याला आपला आपला वळू सापडला. लोभी डॉक्टरला आम्ही पाठीशी घालत नाही. पण बाई त्याच्या दारात का गेली? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्या डोक्यावर. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड. राहायला कोपी, न्हाणीघर नाही, संडास नाही, पुरेसे पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. असल्या जिण्यात अंगाचे दुखणे कायमचे कापून टाकावेसे वाटले, तर तो अडाणीपणा नव्हे, तो हिशेब आहे. हिशेब मांडणारा मात्र कॅमेऱ्यात येत नाही.

शिवाय पाहुणे दिवाळीनंतर येतात तेव्हा गावात असते कोण? म्हातारी माणसे, काही पोरे आणि दारांना कुलपे. काम करणारे गाव तर दूर कुठे उसाच्या फडात असते. ज्याने फड पाहिला नाही त्याने गाव पाहिले, असे आम्ही मानत नाही.

आपण बीड शहरात राहणारेही त्या गावांना पाहुणेच आहोत. हंगाम आटोपून टोळ्या आता परतल्या आहेत. या उन्हाळ्यात जवळच्या एखाद्या वस्तीवर जा. चहा घ्या, बसा. उचल किती घेतली, फिटली किती, खाडे किती लागले, हे विचारा. नवऱ्यालाच विचारून उठू नका. त्याच्या बायकोलाही विचारा. आणि दिवाळीनंतर तीच माणसे कोणत्या फडात आहेत हे शोधून तिथेही जा. दोनदा गेलेल्या माणसाला गाव वेगळे बोलते, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.