हजेरीपटातील रिकामा रकाना : अनुताई वाघ यांचे शिक्षणकार्य

शाळाप्रमुखाचे काम वर्ग, वेळापत्रक, हजेरी आणि परीक्षा यांच्या चौकटीत मोजण्याची रीत आहे. परंतु ज्या वस्तीतील मुले शाळेची पायरीच चढत नाहीत, तेथे शाळाप्रमुखाने नेमके काय करावे, या प्रश्नाचा उलगडा अनुताई वाघ यांच्या आयुष्यातून होतो. मुलाची गैरहजेरी हा मुलाचा किंवा पालकांचा दोष नसून शाळेच्या रचनेतील उणीव आहे, या धारणेवर त्यांचे सारे कार्य उभे राहिले, आणि म्हणूनच त्यांच्या बाबतीत अध्यापन व समाजसेवा यांत सीमारेषा आखता येत नाही, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी विवाह आणि त्यानंतर सहा महिन्यांतच वैधव्य आले असता, त्या काळी विधवेच्या वाट्याला येणारे कोंडलेले जिणे न पत्करता त्यांनी शिक्षणाची वाट धरली. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मातृभाषेतून होणारी प्राथमिक शिक्षणाची अखेरची परीक्षा, आणि पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण पूर्ण करून त्यांनी नाशिक जिल्ह्यात व नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत अध्यापन केले. नोकरी सांभाळून १९३७ साली मॅट्रिक आणि १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर, बी.ए. होणाऱ्या या शिक्षिकेला शिकण्यातील अडथळे स्वानुभवाने ठाऊक होते.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघाच्या वतीने डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. परिसरातील वारली कुटुंबे पाड्यांवर, म्हणजे विखुरलेल्या लहान वस्त्यांवर, राहत असत. आईवडील मजुरीला गेले की मोठ्या मुलीने धाकटे भावंड सांभाळायचे आणि मुलाने गुरे राखायची, असा दिवसाचा क्रम असल्याने घंटा वाजवून मुले गोळा होणे शक्यच नव्हते.

या वास्तवातूनच तेथील प्रयोग आकाराला आले. पाड्यावरील एखाद्या घराच्या अंगणात भरणारी बालवाडी ती ‘अंगणवाडी’; गुरे चरत असतील त्या माळावर गुराख्यांसाठी भरणारी ती ‘कुरणशाळा’; आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदवणारी रचना ती ‘विकासवाडी’, जिच्यामुळे धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू शकली. माँटेसरी पद्धतीची, म्हणजे इंद्रियांना वळण देत स्वयंशिक्षण साधणारी, महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, पाने, खडे आणि शंखशिंपले यांतूनच मोजणे, जुळवणे व वर्गवारी करणे शिकवले गेले. मुलांना न्हाऊमाखू घालणे हाही तेथे अध्यापनाचाच भाग होता, कारण अंगावर खरूज घेऊन बसलेल्या मुलाचे चित्त अक्षरात रमत नाही.

१९७३ साली ताराबाईंचे निधन झाल्यावर केंद्राची धुरा अनुताईंनी वाहिली. डहाणू परिसरातील मूकबधिर मुलांसाठीही त्यांनी शाळा उभी केली, आणि १९८२ साली रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ संस्थेची स्थापना केली. १९८५ साली त्यांना पद्मश्री प्राप्त झाली, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची केंद्रे आज देशभर ‘अंगणवाडी’ याच नावाने ओळखली जातात, हे या टेकडीवरील विचाराच्या व्याप्तीचे द्योतक होय.

तथापि नाव रुजले म्हणजे विचार रुजला असे होत नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर स्थलांतर करणारी किंवा भावंडांसाठी घरी थांबणारी मुले आजही पटावर असतात आणि वर्गात नसतात. त्यांच्या नावापुढील रिकाम्या रकान्यावर गैरहजेरीची खूण करून पुढे जाणे सोपे आहे. ते मूल या घटकेला कोठे आहे व शाळा तेथवर कशी पोहोचेल, हे विचारणे हेच अनुताईंच्या लेखी शाळाप्रमुखाचे पहिले कर्तव्य होते.