कोकरांचा हंगाम आणि गवताचा प्रश्न



ज्येष्ठ-आषाढातील हिरव्या चाऱ्यावर गाभण राहिलेली दख्खनी मेंढी सुमारे 150 दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात विते. नेमक्या याच वेळी पुणे-सातारा जिल्ह्यांच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांतून धनगरांचे वाडे चाऱ्यासाठी बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात जातात. थोडक्यात, वर्षातले सर्वांत नाजूक काम रस्त्यावर पार पडते.

मेंढी चरता चरता माळावरच विते. मेंढक्या ओले कोकरू पुसून घोंगडीच्या खोळीत घालतो आणि कळपामागे चालू लागतो. पहिल्या काही तासांत कोकराच्या पोटात चीक गेला नाही तर ते जगणे कठीण. पहिलटकरीण पुष्कळदा पिलाला जवळ येऊ देत नाही. मग तिला धरून ठेवून कोकरू आचळाला लावावे लागते. हे काम बहुधा बायकांचे. सकाळी बिऱ्हाड मोडायचे, घोड्यांवर भांडीकुंडी, कोंबड्या, पोरे आणि चालू न शकणारी कोकरे लादायची, पुढच्या मुक्कामी चूल मांडायची, आणि संध्याकाळी कळप परतला की त्या कल्लोळात प्रत्येक कोकरू त्याच्या आईखाली सोडायचे. कोणते कोणाचे, हे त्यांना विचारावे लागत नाही. रात्री लांडग्याची राखण असतेच. लांडग्याने कोकरू नेले तर भरपाईला पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वाडा पुढच्या शिवारात गेलेला असतो.

पूर्वी मेंढपाळाच्या मिळकतीला तीन आधार होते: लोकर, शेतात कळप बसवून मिळणारे धान्य वा पैसा, आणि कोकरे. घोंगडीची मागणी आटली तशी जाडीभरडी लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटेनाशी झाली. पाटपाण्याखालची राने बारमाही उसात गेली, रासायनिक खते आली. कळप बसवायला मोकळे रान कमी उरले. आता सारा भार तीन-चार महिन्यांचे कोकरू खाटकाला विकून येणाऱ्या पैशावर आहे. महिनाभरात पाच-दहा कोकरे दगावली, तर छोट्या कळपाचे वर्षच बुडाले.

विज्ञानाने या प्रश्नाला हात घातला नाही, असे नाही. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोळ मेंढीचा जुळी कोकरे देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. हे काम मोलाचे आहे. परंतु दुसऱ्या कोकराला दूध हवे, आणि दूध गवतातून येते. जनुकासोबत कुरण येत नाही.

सरकारी मदतीचा रोख मात्र कळपाच्या संख्येवर आहे. 2017 साली सुरू झालेल्या महामेष योजनेत 75 टक्के अनुदानावर 20 मेंढ्या आणि 1 मेंढा देण्याचे ठरले. चराईसाठी अनुदानही ठेवले, ते जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे. कोकरे त्यानंतर जन्मतात. ज्या महिन्यांत मेंढी दुभती असते आणि वाडा वनखात्याच्या हद्दीतून चाललेला असतो, त्या महिन्यांत मेंढपाळाच्या वाट्याला उरतो तो दंड आणि त्याहून महाग पडणारी तडजोड.

2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. पण जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत त्यांनी तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे, मुख्यतः वनातील वास्तव्य सिद्ध करायचे आहे; आणि दरवर्षी काही आठवडे येऊन जाणाऱ्याचे वास्तव्य कोणत्या दप्तरात सापडणार? दावा ग्रामसभेत सुरू होतो. रायगडातल्या एखाद्या गावची ग्रामसभा भरते तेव्हा तो मेंढपाळ बारामतीकडे असतो, आणि तो गावाच्या शिवारात उतरतो तेव्हा सभा नसते. जिल्हा समितीने पशुपालकांच्या दाव्यांची खास दखल घ्यावी, असे नियम सांगतात. वाटेवरच्या गावांत ज्यांचे काम आहे त्या कार्यकर्त्यांनी येत्या कार्तिकात तळावर जाऊन मुक्कामांची नावे आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले, तर त्या समितीपुढे ठेवायला निदान काही कागद तरी तयार होतील.