सोशल मीडियाच्या बाजारात आपली पत



'सोशल मीडियाचा प्रभावी वापर' हा विषय मला दिला आहे. तुम्ही सगळे मोबाइल माझ्यापेक्षा सफाईने चालवता, त्यामुळे रील कशी बनवायची हे मी सांगत बसणार नाही. मला बोलायचंय ते एका जुन्या शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे पत. दुकानदाराची बाजारात पत असते, माणसाची मोहल्ल्यात पत असते. आज दोन्हीकडची पत एकाच मोबाइल नंबरावर येऊन बसली आहे. ज्या नंबरावरून तुम्ही मसाले विकता, त्याच नंबरावर स्टेटस ठेवता आणि त्याच नंबरावरून आलेले मेसेज पुढे पाठवता. ग्राहक हे सगळं पाहत असतो.

आधी धंद्याचं बोलू. हदीसमधला एक प्रसंग तुम्ही ऐकला असेल. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जात होते. धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तर वरचं धान्य कोरडं आणि आतलं ओलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. मग ते लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस, असं त्यांनी विचारलं आणि फसवणुकीपासून बजावलं.

आजचा ढीग म्हणजे इन्स्टाग्रामचा फोटो. फिल्टर लावून कुर्तीचा रंग खुलवला, पार्सल उघडल्यावर वेगळाच रंग निघाला, तर आपण वर कोरडं आणि आत ओलंच विकलं. म्हणून फोटो दिवसाच्या उजेडात काढा. कापड कोणतं, माप काय, धुतल्यावर रंग जातो का, परत घेणार की नाही, हे मराठीत स्पष्ट लिहा. किंमतही लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' म्हटलं की निम्मे लोक पुढे निघून जातात, उरलेल्यांना वाटतं की माणूस पाहून भाव सांगतात. घरून खाद्यपदार्थ विकत असाल तर छोट्या धंद्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती करा आणि नंबर पाकिटावर छापा.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप 2018 मध्ये आलं. छोट्या धंद्याला ते फुकट वापरता येतं. त्यात कॅटलॉग लावता येतो, दुकानाची वेळ देता येते. त्यातली ब्रॉडकास्ट लिस्ट नीट समजून घ्या. तुमचा मेसेज फक्त त्यालाच पोचतो, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे. म्हणजे अनोळखी लोकांचे हजार नंबर गोळा करून उपयोग नाही. पन्नास जणांनी तुमचा नंबर आपणहून जपून ठेवला, तर ती कमाई. आणि ज्याने 'नको' म्हटलं, त्याचं नाव त्याच दिवशी काढा.

दाखवायला काय आहे, असं पुष्कळ जण विचारतात. मिरजेकडे पाहा. तिथे शस्त्रं घडवणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांच्या कामाकडे वळली. मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा निवडणं, कोरणं, जवारी लावणं हे काम पाहायला लोक थांबतात. तुमच्याकडे सितार नसेल, पण शिलाई असेल, बेकरी असेल, वेल्डिंग असेल. तयार वस्तूबरोबर काम करणारे हातही दाखवा. हातांवर विश्वास बसतो. मात्र कारागिराला विचारून, त्याचं नाव देऊन.

दोन सावधगिऱ्या सांगतो. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. ज्यांचे लाखो फॉलोअर होते, त्यांची सगळी उभारणी एका रात्रीत गेली. म्हणून ग्राहकांची नावं आणि नंबर वहीत उतरवून ठेवा, आणि ती यादी अमानत समजा, दुसऱ्याला देऊ नका. दुसरं, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कुणी म्हणालं तर तो चोर आहे. फसलात तर लगेच 1930 वर फोन करा.

आता पत कुठे जाते, ते बोलू. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. पोटासाठी फिरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. अफवेची झळ आपल्यालाही माहीत आहे. 2020 च्या टाळेबंदीत खोटे व्हिडिओ फिरले आणि कित्येक वस्त्यांमध्ये मुसलमान भाजीवाल्याची गाडी अडवली गेली. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करायला सांगितलं आहे. हा हुकूम आपल्या बाजूच्या बातमीलाही लागू आहे. 'आपल्या लोकांवर अत्याचार' म्हणून आलेला व्हिडिओ दुसऱ्या देशातला निघाला, की पुढच्या वेळी आपली खरी तक्रारही कुणी ऐकत नाही.

जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं. दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. एकाच्या स्टेटसची शिक्षा दुसऱ्याच्या दुकानाला देणं हा अन्यायच आहे, ते ठणकावून सांगायला हवं. पण स्टेटस ठेवणाऱ्यानेही विचार करावा की आपल्या चोवीस तासांच्या जोशाची किंमत कोण मोजणार आहे. पहाटे गाडी लावणारा चहावाला मोजतो, परीक्षेला बसलेली बहीण मोजते.

म्हणून गप्प बसा, असं मी म्हणत नाही. अन्यायाबद्दल जरूर लिहा. तारीख, ठिकाण, पुरावा देऊन, आपल्या नावाने लिहा. कुणी शिवीगाळ केली, धमकी दिली, तर उलट शिवी देऊ नका. लिंकसह स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे जा.

शेवटी नात्यांबद्दल. आमच्या कोकणातल्या घरांतून माणसं कुवेतला, दुबईला गेली, तेव्हा चिठ्ठीची महिनाभर वाट पाहावी लागे. आता आवाज क्षणात पोचतो, पण आपण पाठवतो काय? ईदला एकच चित्र तीनशे जणांना. कुणाचं निधन झालं की ग्रुपवर 'इन्ना लिल्लाह' टाकलं आणि कर्तव्य संपलं. जनाज्याला जाता येत असेल तर जा. जाता येत नसेल तर नाव घेऊन दोन वाक्यं बोला आणि ती पाठवा. शाळेतल्या ज्या मित्राशी फक्त मराठीत बोलायचात, त्याला दिवाळीचा तयार फॉरवर्ड पाठवू नका. 'काकू कशा आहेत?' असं विचारा आणि ईदला शिरखुर्म्याला घरी बोलवा. गावात वातावरण तापतं, तेव्हा असाच मित्र आपल्याविषयीचा खोटा मेसेज त्याच्या ग्रुपवर थांबवतो. त्या ग्रुपवर आपण नसतो, तो असतो.

आज घरी गेल्यावर तीन कामं करा. आपले मागचे दहा फॉरवर्ड आणि स्टेटस ग्राहकाच्या नजरेने पाहा. आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या धंद्याची माहिती किमतीसह मराठीत लिहून काढा. आणि वर्षभर ज्याच्याशी बोलणं झालं नाही, अशा एका माणसाला फोन करा. मेसेज नको, फोन.

प्रश्न असतील तर विचारा.