ऐकले ते परत सांगा

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आज आम्ही मागण्यांवर बोलणार नाही. त्या तुम्हाला पाठ आहेत. आज बोलायचे आहे ते आपल्या रोजच्या बोलण्यावर, आणि त्याहून जास्त आपल्या ऐकण्यावर.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या दिवसांत, एक ट्रॅकमन साथी युनियनच्या ऑफिसात आला. म्हणाला, "भाऊ, रात्रीच्या पेट्रोलिंगचं काहीतरी बघा." आमच्यापुढे कागदांचा ढीग, कानाला फोन. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच आम्ही म्हणालो, "पावसाळ्यात पेट्रोलिंग सगळ्यांनाच आहे. रजा हवी तर अर्ज दे." तो "बरं" म्हणून निघून गेला.

पंधरा दिवसांनी रात्री तो मोरीवरून खाली पडला. पाय मोडला, जीव वाचला. दवाखान्यात गेलो तेव्हा कळले की त्याला अंधारात नीट दिसत नव्हते. रजा त्याला नकोच होती. डोळे तपासले तर नोकरी जाईल, या भीतीने तो वरिष्ठांना सांगत नव्हता. त्याची बायको एवढेच म्हणाली, "ते तुमच्याकडे आले होते ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

खरे म्हणजे त्याच्या भीतीवर उत्तर होते. वैद्यकीय तपासणीत आपल्या कामाला अपात्र ठरलेल्याला पर्यायी काम देण्याची तरतूद रेल्वेच्या नियमांत आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही, असे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये लिहिले आहे. पण कायदा आमच्या कपाटात राहिला आणि भीती त्याच्या पोटात राहिली. मधले दोन शब्द तेवढे कमी पडले.

मित्रहो, गाडीच्या बाबतीत आपण असे कधी करतो का? इंटरलॉक नसलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर गाडीची खबर देतो. गेटमन फाटक बंद करून प्रायव्हेट नंबर देतो आणि मास्तर तो वहीत लिहितो. तेव्हाच फाटक बंद झाले असे आपण धरतो. इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक, दोघांनाही सिग्नल दिसत असतो, तरी दोघे तो मोठ्याने एकमेकांना सांगतात. पोस्टातल्या साथींना पोचपावतीचे महत्त्व आम्ही काय सांगावे? रजिस्टर पत्राची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, पण पोचल्याची सही घेण्याचे काम संपलेले नाही. जी काळजी आपण गाडीची आणि टपालाची घेतो, ती माणसाच्या शब्दाची का घेऊ नये?

म्हणून आम्ही आमच्या शाखेत तीन सवयी लावून घेतल्या. पहिली, सभासद बोलत असताना फोन उचलायचा नाही आणि त्याचे वाक्य तोडायचे नाही. दुसरी, उत्तर देण्याआधी ऐकलेले त्यालाच परत सांगायचे : "तुझं म्हणणं असं आहे ना?" निम्म्या वेळा तो म्हणतो, "नाही भाऊ, तसं नाही." खरी गोष्ट तिथून पुढे निघते. तिसरी, पी.एन.एम.च्या बैठकीत त्याच्या प्रश्नाचे काय झाले ते त्याला स्वतः जाऊन सांगायचे. नकार आला असेल तरीही सांगायचे. नकार ऐकून माणूस रागावतो, पण टिकतो. काहीच कळले नाही तर तो युनियनपासून तुटतो. मोबाईलच्या ग्रुपवर निळी खूण उमटली म्हणजे त्याला कळले असे समजू नका.

आणखी एक. आज आपल्या गँगमध्ये बिहारचे, ओडिशाचे तरुण आहेत, आणि आपली मराठी मुले इटारसी, सिकंदराबादला नोकरी करीत आहेत. परमुलखात आपल्याला कोणी नावाने हाक मारली की किती बरे वाटते! तीच हाक इथे आलेल्याला आपण द्यावी. त्याची भाषा येत नसली तरी त्याचे नाव आणि गाव विचारायला व्याकरण लागत नाही.

८ मे १९७४ चा रेल्वे संप आठवा. जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच अटक झाली होती, तरी संप झाला आणि वीस दिवस चालला. तेव्हा मोबाईल नव्हते. वसाहतीतल्या एका दाराचा दुसऱ्या दारावर विश्वास होता. असा विश्वास संपाच्या आदल्या रात्री तयार होत नाही. तो रोज, एकेका माणसाचे ऐकून घेण्यातून साठतो.

तो ट्रॅकमन साथी आज दिवसपाळीच्या कामावर आहे. आम्हाला भेटला की हसतो. त्याने आम्हाला माफ केले असेल, पण आम्ही ती गोष्ट विसरलेलो नाही. उद्या तुमच्या टेबलापुढे कोणी येऊन उभा राहील. आधी त्याला बसायला सांगा.

कामगार एकजुटीचा विजय असो!