म्हातारीला कोण सांभाळतं?

(महाल, नागपूर इथं झालेल्या बैठकीतलं भाषण)



मला कवितेवर बोला म्हणून बोलावलं होतं. मी कविता आणली नाही. गोदीतला माणूस, मॅट्रिक झालेला. कवितेवर बोलणारे माझ्याहून शहाणे लोक इथं पुढच्या रांगेत बसलेत. मी माझ्या मायबद्दल बोलणार आहे. कारण ती इथून चार गल्ल्या पलीकडं, याच महालातल्या एका वाड्यात, या घटकेला एका म्हाताऱ्याचं ढुंगण धूत असेल. हसू नका. ते काम आहे.

बारा तासांचे साडेचारशे मिळतात. म्हातारा एकेकाळी मोठा साहेब होता, आता पोटचा पोरगा ओळखत नाही. स्मृतिभ्रंश. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. घरात फाईल आहे, गोळ्यांचा डबा आहे, रात्रीसाठी दुसरी बाई आहे. माय त्याला भरवते, धुते, अंगणात फिरवते, एकच प्रश्न दिवसातून चाळीसदा ऐकते आणि चाळीसदा उत्तर देते. रात्री आठला सुटते. पायी रामबागेत घरी येते. घरी तोच आजार वाट पाहत बसलेला असतो. माझी आजी. मायची सासू. इथं साडेचारशे नाहीत, दुसरी बाई नाही, फाईल नाही. बाई तीच, हात तेच, आजार तोच. वाड्यात त्याला काम म्हणतात आणि घरी आलं की कर्तव्य.

आपल्या मराठीत या आजारावर 'अस्तु' नावाचा चांगला सिनेमा आहे, २०१३ चा, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. संस्कृतचा प्रोफेसर सगळं विसरतो, रस्त्यात हत्तीमागं चालत निघून जातो आणि हत्तीवाल्याची बायको त्याला पोरासारखं सांभाळते. सिनेमा पाहून लोक रडले. मीही रडलो. मग मायला गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्या बाईच्या घरी कोनी म्हातारं नव्हतं काय?"

आता माझ्या आजीचं ऐका. आज ती ब्यांशी-त्र्यांशीची असेल, दाखला नाही. उमरेडकडच्या खेड्यातली. १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाचं बोट धरून चालत नागपूरला आली, दीक्षा घेतली. पुढं सारा जन्म बिड्या वळल्या. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण हजार बिड्यांचा हिशेब बोटांवर करायची आणि कारखानदाराच्या मुनिमाची चोरी तोंडावर फेकायची. चार-पाच वर्षांपूर्वी तिनं चुलीवर रिकामं भांडं ठेवायला सुरुवात केली. मग बस्तीत रस्ता चुकू लागली. शेजारी म्हणाले, साठी बुद्धी नाठी. एक जण म्हणाला, करणी असेल, बाबाकडं न्या. आपल्याच बस्तीत, भिंतीवर बुद्धाचा फोटो असलेल्या घरात!

या आजारात ताजं आधी जातं आणि जुनं जास्त काळ टिकतं. काल जेवलो ते गेलं, नातवाचं नाव गेलं, नवरा मेल्याचं गेलं. असं मागं मागं जाता जाता एक दिवस माझी आजी १९५६ च्या अलीकडचं सगळं विसरली.

मी त्या दिवशी मुंबईहून घरी आलो होतो. आजी दाराबाहेर उकिडवी बसली होती. आत येईना. माठाकडं बोट दाखवून मायला म्हणाली, "वरून टाक वो बाई, मी शिवत नाही." आणि ओंजळ पुढं केली. स्वतःच्या घरात. स्वतःच्या सुनेसमोर.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "आजी, तू बौद्ध आहेस, तू दीक्षा घेतली आहेस, हा तुझा माठ आहे!" तिला काही कळलं नाही, एवढंच कळलं की कोणी मोठा माणूस ओरडतोय. ती थरथरली. दोन पावलं मागं सरकली आणि मला जोहार केला. आजीनं, मला! नंतर मी भिंतीला डोकं लावून उभा राहिलो.

मायनं काय केलं? तिनं तांब्या घेतला आणि वरून पाणी वाढलं. आजी घटाघटा प्यायली, दिवसभराची तहानलेली होती. मग माय तिच्याशेजारी उंबऱ्याबाहेर खाली बसली आणि त्याच ओंजळीला तोंड लावून उरलेलं पाणी प्यायली. आजी पाहतच राहिली. थोड्या वेळानं माय तिचा हात धरून आत घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कधी दहा मिनिटांत आत येते, कधी दोन तास लागतात.

चवदार तळ्याची लढाई आपल्या रक्तात आहे. वरून पाणी वाढणारा हात दिसला की तो मोडावासा वाटतो. त्या दिवशी मला माझ्या मायचा हात मोडावासा वाटला, खरं सांगतो. पण तहानलेल्या बाईपुढं माझं भाषण काय कामाचं? मी मुंबईला गेलो, त्यावर कविता लिहिली, ती छापून आली, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मायला फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "कविता करून राह्यला काय बे? एक रात जागून पाह्य तिच्यापाशी." तेव्हापासून ती कविता मी म्हणत नाही.

आम्ही आजीला एका दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरनं विचारलं, आज तारीख कोणती? शंभरातून सात गेले किती? एक वाक्य लिहून दाखवा. अरे, जिला तुमच्या व्यवस्थेनं पाटी धरू दिली नाही तिला वाक्य लिहायला सांगता? अशा बाईचं डोकं धड असलं तरी ती नापास, बिघडलं असलं तरी नापास. शाळा न पाहिलेल्यांसाठी वेगळी चाचणी आपल्या देशात हरियाणातल्या बल्लभगडला १९९० च्या दशकात तयार झाली आहे. पण ती त्या टेबलावर नव्हती.

आणि शिक्षणाचं एवढ्यावर संपत नाही. २०२३ साली देशभराच्या पाहणीचे आकडे आले. साठीपुढच्या शंभरात सात-साडेसात जणांना हा आजार, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि शिक्षण जितकं कमी तितका आजार जास्त. लॅन्सेट या डॉक्टरी साप्ताहिकाच्या आयोगानं २०२४ साली आजाराचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्यांत लहानपणी शिक्षण न मिळणं आहे, डोक्याला मार आहे, साखर, रक्तदाब, तंबाखू, घाण हवा आहे. ही यादी मला आमच्या बस्तीच्या रेशनकार्डासारखी वाटली. पाटी हिसकावली त्याचा हिशेब म्हातारपणी असाही चुकवावा लागतो.

दिवसा आजीला कोण पाहतं ते सांगायचं राहिलं. माझी बहीण. सतरा वर्षांची. बारावीला होती. "होती" म्हणालो ते लक्षात घ्या. आजीची पाटी गेली, आता तिच्यापायी नातीचीही चालली. भाऊ ऑटो चालवतो, येतो, जेवतो, झोपतो. मी मुंबईहून पैसे पाठवतो आणि स्वतःला घरचा कर्ता समजतो. चळवळीत बसलेल्या पोट्ट्यांनो, तुमच्या घरी वेगळं आहे काय?

इथं महालात संघाचं कार्यालय आहे. त्यांनी शताब्दीला पाच परिवर्तनं सांगितली, त्यांतलं एक कुटुंब प्रबोधन. कुटुंब म्हणजे काय हो? वाड्यात कुटुंब म्हणजे माझी माय साडेचारशेत. रामबागेत कुटुंब म्हणजे माझी माय फुकटात. कुटुंबाची आरती ओवाळली की सरकारला खिशात हात घालावा लागत नाही. सरकारनं म्हाताऱ्यांच्या योजनेला नाव काय दिलं पाहा — श्रावणबाळ! म्हाताऱ्याच्या नावावर २०२३ पासून महिना दीड हजार. ठीक. पण कावड होती श्रावणाच्या खांद्यावर. श्रावणाला काय मिळालं? बाण. २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदाही तसाच, म्हाताऱ्याला सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. योग्य आहे, सोडू नये. पण जी सोडत नाही तिला काय? केरळात निदान अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्याच्या नावानं योजना निघाली, आश्वासकिरणम, महिना ६०० रुपये. सहाशेत काही होत नाही, पण नाव तरी तिचं.

"ती घरीच असते ना!" हे फक्त आपल्याकडं म्हणतात असं समजू नका. इंग्लंडात १९७६ साली आजाऱ्याला सांभाळण्यासाठी कामधंदा सोडणाऱ्याला भत्ता सुरू झाला. मात्र लग्न झालेल्या बाईला नाही, कारण ती घरीच असते! जॅकलिन ड्रेक नावाची बाई नोकरी सोडून आईला सांभाळत होती. ती भांडली, युरोपच्या कोर्टापर्यंत गेली आणि १९८६ साली जिंकली. आणि आपल्याकडं? १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या बिलावर बाबासाहेब बोलले. त्या बाईच्या विश्रांतीत देशाचं हित आहे, म्हणून खर्चाचा मोठा भाग सरकारनं सोसावा, ही त्यांची मांडणी. बाळंतिणीसाठी जे पटतं ते म्हातारीला उचलणाऱ्या बाईसाठी का पटू नये? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ खाली जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहून ठेवलाय. त्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा बिघाडही आहे. शब्द कायद्यात आहेत, ते ओढून बाहेर काढायचं काम मोर्च्याचं आहे. ते करूच.

पण मोर्चा निघेपर्यंत आज रात्री कोण जागणार? म्हणून गोव्याचं सांगतो. तिथं डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत एक प्रयोग केला, २००८ साली त्याचा अहवाल छापून आला. असा आजार असलेली ८१ घरं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून ४१ घरांना लगेच मदत दिली, बाकीच्यांना नंतर. मदत कसली? गोळ्यांचा कारखाना नाही. स्थानिक भाषा बोलणारी, साधारण बारावीपर्यंत शिकलेली माणसं. त्यांना आठवडाभराचं शिक्षण दिलं, मागं एक मानसोपचार डॉक्टर ठेवला. ही माणसं सहा महिने, निदान पंधरा दिवसांतून एकदा घरी जायची. हा आजार आहे, नाटक नाही, हे घरच्यांना समजावायची. म्हातारा चिडला, पळाला, झोपला नाही तर काय करावं ते सांगायची. सरकारी योजनेची माहिती द्यायची, अशा घरांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची.

आजार बरा झाला नाही. तो होत नाही. पण सांभाळणाऱ्याच्या मनावरचा ताण मोजला तर तो खरोखर उतरला होता. साधारण बारावी झालेल्यांनी हे केलं! माझ्या बहिणीएवढं शिकलेल्यांनी. आपल्या अभ्यास मंडळात तेवढी शिकलेली पोरं ढिगानं आहेत, आणि मार्क्स की बुद्ध यावर रात्र काढतात.

बहिणीनं स्वतःच्या डोक्यानं पुष्कळ शोधलंय, तेही सांगतो, कुणाच्या घरी उपयोगी पडेल. आजीची बोटं दिवसभर हवेत बिड्या वळत असायची आणि संध्याकाळ झाली की ती कासावीस व्हायची. बहिणीनं जुने पेपर तेंदूपत्त्यासारखे कापून सुपात दिले. आजी तासभर वळत बसते, मोजते, मुनिमाला शिव्या देते. "मला ओळखलं का" असं विचारून परीक्षा घ्यायची नाही, आपणच नाव सांगायचं. वाद घालायचा नाही. लुगड्याच्या आत फोन नंबर शिवून ठेवायचा. आणि एकाएकी दोन दिवसांत जास्त बिघडली तर आजार वाढला म्हणून बसायचं नाही; लघवीत संसर्ग झाला असेल, दवाखान्यात न्यायचं. हे आम्हाला खूप उशिरा कळलं.

गोदीत जड नग एकट्यानं उचलत नाहीत. टोळी असते. एक थकला की दुसरा खांदा देतो, त्यात कोणी उपकार करत नाही. तेवढंच मागतो. आठवड्यातले चार तास. रामबागेत आमचं धरून अशी तीन घरं मला माहीत आहेत, तुमच्या बस्तीत विचारलंत तर तिथंही निघतील. तुम्ही जाऊन बसायचं, म्हातारीला भरवायचं, भरलं तर धुवायचं. तेवढ्या वेळात घरची बाई झोपेल, पोरगी क्लासला जाईल, नाहीतर नुसती रस्त्यावर फिरून येईल, आपल्याला काय करायचंय विचारून.

वही त्या टेबलावर ठेवली आहे. नाव, बस्ती, वार, किती ते किती. पहिलं नाव माझ्या भावाचं आहे, त्याला विचारून लिहिलंय: रविवार, दुपारी दोन ते सहा. मी सुट्टीवर आलो की त्याच्याखाली माझं. पोरींनी आज नावं लिहू नयेत, पोट्ट्यांनी लिहावीत. पेन दोरीला बांधलाय, नेऊ नका.