सरकारी पैशाचें सोंवळें-ओंवळें

१९६१ सालीं अमेरिकेंतील अनेक घरांच्या दिवाणखान्यांत एक तबकडी वाजविली जात असे. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही तेथील डॉक्टरांची बलाढ्य संस्था. तिच्याशीं संलग्न असलेल्या महिला-मंडळांनीं हा उपक्रम हातीं घेतला होता आणि त्याला 'ऑपरेशन कॉफी कप' असें नांव दिलें होतें. यजमानीणबाईंनीं शेजारणींना कॉफीला बोलवावें, तबकडी लावावी, आणि ती ऐकून झाल्यावर प्रत्येकीनें आपापल्या लोकप्रतिनिधीस पत्र लिहावें, असा बेत असे. वृद्धांच्या औषधोपचाराचा खर्च सरकारी विम्यांतून भागविण्याची योजना त्या वेळीं चर्चेंत होती. ती हाणून पाडणें हा या कॉफीपानाचा हेतु. तबकडीवरील आवाज होता रोनाल्ड रेगन या चित्रपट-नटाचा. औषधोपचाराच्या मिषानें समाजवाद लोकांच्या गळीं उतरविणें ही जुनी युक्ति आहे, आणि हें एक पाऊल पडलें कीं बाकीचें स्वातंत्र्यहि हळूहळू नष्ट होणार, असा त्याच्या भाषणाचा मथितार्थ होता.

योजना अखेर पास झाली. ३० जुलै १९६५ रोजीं मिसूरी राज्यांतील इंडिपेंडन्स या गांवीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली, आणि पहिलें कार्ड माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या हातीं दिलें. याहून पुष्कळच व्यापक अशी योजना ट्रूमन यांनीं १९४५ मध्यें मांडली होती व डॉक्टरांच्या याच संस्थेनें तिचा पाडाव केला होता. म्हणून हा मान त्यांना. तबकडीवरील नट पुढें १९८१ ते १९८९ या काळांत राष्ट्राचा अध्यक्ष झाला. त्यानें मेडिकेअर मोडली नाहीं. उलट १९८८ मध्यें तिचे लाभ वाढविणाऱ्या कायद्यावर स्वतःच सही केली. (तो कायदा पुढल्याच वर्षीं रद्द झाला, पण तो वाढीव खर्चाचा भार ज्या सधन वृद्धांवर पडला होता त्यांनीं केलेल्या ओरडीमुळें, स्वातंत्र्याच्या काळजीनें नव्हे.) आणि डॉक्टर? मेडिकेअरपासून त्यांचें उत्पन्न वाढलें. त्या पैशाला समाजवादाचा विटाळ आहे असें म्हणून तो परत केल्याचें ऐकिवांत नाहीं.

मनुष्यानें मत बदलणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु सरकारी आरोग्य-विम्याविषयीं अमेरिकेंत ऐंशी वर्षें चाललेला वाद पाहिला म्हणजे एक गोष्ट नजरेंत भरल्यावांचून रहात नाहीं. तेथें मतें फारशीं बदललींच नाहींत. बदलत गेलीं तीं नांवें. तोच सरकारी पैसा आपल्या घरीं आला म्हणजे त्याला 'कमाई' म्हणावयाचें आणि शेजाऱ्याच्या घरीं गेला म्हणजे 'खैरात'. आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण घरगुती व्यवहारांत हंसण्यावारी नेतां येते. पण कायदे तिच्या आधारें होऊं लागले म्हणजे कोणाच्या तरी औषधपाण्याचे वांधे होतात.

ज्या मराठी घरांतील मुलें-मुली अमेरिकेंत नोकरीला आहेत, त्या घरांना नोकरीबरोबर मिळणारा विमा ठाऊक असतो. नोकरी गेली कीं विम्याचा आधारहि जातो, हा धाकहि ठाऊक असतो. हा विमा केवळ मालक व नोकर यांच्यांतील खासगी व्यवहार आहे, सरकारचा त्याच्याशीं संबंध नाहीं, अशी तेथील मध्यमवर्गाची दृढ समजूत आहे. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, सरकारनें पगारवाढीवर बंधन घातलें. कामकरी तर दुर्मिळ झालेले. तेव्हां कारखानदारांनीं पगाराऐवजीं विमा देऊं केला, आणि सरकारनें तो त्या बंधनांतून वगळला. पुढें १९५४ च्या करविषयक कायद्यानें असें पक्कें केलें कीं, मालकानें भरलेल्या विम्याच्या हप्त्यावर नोकराला प्राप्तीवरील कर द्यावा लागणार नाहीं. या करमाफीमुळें सरकारी तिजोरीचें जें उत्पन्न बुडतें तें आज वर्षाला शेंकडों अब्ज डॉलरांच्या घरांत जातें. पंधरा कोटींहून अधिक लोक या सवलतीचा लाभ घेतात. आणि गंमत अशी कीं, ज्याचा पगार मोठा त्याच्या कराचा दर मोठा, म्हणून त्याची माफीहि मोठी. उपाहारगृहांत बशा धुणाऱ्या मनुष्याला बहुधा असा विमाच नसतो, म्हणून त्याला माफी शून्य. तिजोरींतून पैसा बाहेर जाणें आणि तिजोरींत यावयाचा पैसा न येणें या दोहोंत हिशेबाच्या दृष्टीनें भेद नाहीं. राजकारणाच्या दृष्टीनें मात्र केवढा भेद आहे! पहिल्याला सरकारी मदत म्हणतात. दुसऱ्याला कांहींच म्हणत नाहींत.

२००९ सालच्या उन्हाळ्यांत अध्यक्ष बराक ओबामा यांच्या आरोग्य-विषयक विधेयकावर गांवोगांव सभा भरत होत्या. साऊथ कॅरोलिनामधील सिम्पसनव्हिल येथें रिपब्लिकन प्रतिनिधि बॉब इंग्लिस यांच्या सभेंत एका वृद्ध गृहस्थानें, सरकारनें माझ्या मेडिकेअरला हात लावूं नये, असें बजावलें. मेडिकेअर सरकारच चालवितें, हें इंग्लिस यांनीं त्यांना नम्रपणें समजावून पाहिलें. पण तें त्यांना पटलें नाहीं. ही गोष्ट पुढें देशभर हंशाचा विषय झाली. हंसणाऱ्यांनीं थोडा विचार करावयास हवा होता. त्या गृहस्थांच्या पिढीनें जन्मभर पगारांतून मेडिकेअरचा कर भरलेला होता. तेव्हां तें आपलें आहे असें वाटणें स्वाभाविक होतें. बहुतेकांना मिळणारा लाभ त्यांनीं भरलेल्या रकमेहून अधिक असतो व तो अधिक भाग तरुण कामकऱ्यांच्या करांतून येतो, हें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. हें ज्यांना पक्कें ठाऊक होतें ते मौन धरून होते, आणि दोषाचे खरे धनी तेच.

मौन धरून ते थांबले असते तर एक वेळ चाललें असतें. २०१० च्या निवडणुकींत रिपब्लिकन उमेदवारांनीं, ओबामांनीं मेडिकेअरवर कुऱ्हाड चालविली, अशा जाहिराती लावल्या. सरकारी विमा ही गुलामगिरी आहे असें सकाळीं सांगणारा पक्ष संध्याकाळीं सरकारी विम्याचा कैवारी झाला. ही कुऱ्हाड म्हणजे इस्पितळांना आणि खासगी विमा-कंपन्यांना मेडिकेअरकडून मिळणाऱ्या रकमेच्या वाढीला घातलेला आळा होता. पुढच्याच वर्षीं त्या पक्षाचे अर्थसंकल्पकार पॉल रायन यांनीं जी योजना मांडली तिच्यांत ओबामांचा कायदा रद्द केला होता. परंतु ही बचत मात्र जशीच्या तशी ठेवलेली होती. आणि २०१२ मध्यें हेच रायन उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून उभे राहिले तेव्हां ओबामांनीं मेडिकेअरमधून ७१६ अब्ज डॉलर पळविले असा आरोप करीत गांवोगांव हिंडले.

विरुद्ध पक्षाचे हात स्वच्छ होते असें समजण्याचें कारण नाहीं. प्रत्येकानें विमा उतरविलाच पाहिजे, न उतरविल्यास दंड, ही कल्पना मूळची उजव्या विचाराच्या हेरिटेज फाउंडेशनची. तिनें ती १९८९ मध्यें पुरस्कारिली. २००६ मध्यें मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनीं ती आपल्या राज्यांत अंमलांत आणली. २००८ मध्यें डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविण्यासाठीं ओबामा हिलरी क्लिंटन यांच्याशीं झगडत होते, तेव्हां क्लिंटनबाई या सक्तीच्या बाजूच्या आणि ओबामा विरुद्ध. निवडून येतांच ओबामा सक्तीच्या बाजूला गेले, आणि ते गेले म्हणतांच रिपब्लिकन पक्ष तिच्या विरुद्ध गेला. डिसेंबर २००९ मध्यें सेनेटांत त्या पक्षाच्या सभासदांनीं ही सक्ति घटनाबाह्य आहे असें मत दिलें. त्यांत चक ग्रासली होते, ज्यांनीं १९९३ मध्यें अशीच सक्ति सांगणाऱ्या विधेयकाला आपलें नांव दिलें होतें. इकडे ओबामांनीं दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत, हा दंड म्हणजे कर नव्हे, असें ठासून सांगितलें. आणि त्यांच्याच सरकारच्या वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयांत, हा करच आहे, असाहि युक्तिवाद केला. २८ जून २०१२ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं कायदा टिकला तो तो कर आहे म्हणूनच. शिवाय, ज्याला आपला सध्यांचा विमा आवडतो त्याला तो ठेवतां येईल, हें ओबामांचें आश्वासन होतेंच. २०१३ मध्यें लक्षावधि लोकांच्या हातीं विमा बंद झाल्याचीं पत्रें पडलीं, तेव्हां त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

नांवाचा महिमा पहावयाचा तर केंटकी राज्य पहावें. तेथील सरकारनें ओबामांच्या कायद्याखालीं विम्याची बाजारपेठ उघडली आणि तिला 'कायनेक्ट' असें स्वतंत्र नांव दिलें. ओबामांचें नांव त्या राज्यांत अप्रिय होतें, म्हणून ही तजवीज. ती इतकी सफळ झाली कीं, मतचांचणींत 'ओबामाकेअर' नापसंत ठरविणारे अनेक लोक 'कायनेक्ट'ला नांवें ठेवीत नसत. २०१४ मध्यें सेनेटर मिच मॅकॉनल यांनीं निवडणुकीच्या वादसभेंत सांगितलें कीं, ओबामांचा कायदा मुळासकट उपटून टाकावयाचा, पण कायनेक्टचें संकेतस्थळ राहिलें तर हरकत नाहीं. फांद्या तोडून सावली ठेवण्याचा हा प्रकार. ते सहज निवडून आले.

कायदा करणाऱ्यांच्या स्वतःच्या विम्याविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन विधिमंडळाच्या, सभासदांनीं नव्या कायद्याखालील बाजारपेठेंतूनच विमा घ्यावा, असें कलम त्या कायद्यांत आहे. पण त्यांच्या हप्त्याचा मोठा भाग पूर्वींप्रमाणें सरकारनेंच भरावा असा तोडगा २०१३ मध्यें निघाला. आणि त्यासाठीं हजारों नोकर असलेलें हें विधिमंडळ राजधानींतील लहान दुकानदारांसाठीं काढलेल्या बाजारपेठेंत गणलें गेलें. मेरीलँडचे अँडी हॅरिस हे व्यवसायानें डॉक्टर. २०१० मध्यें ते ओबामांच्या कायद्याविरुद्ध प्रचार करून निवडून आले, आणि नव्या सभासदांच्या परिचयवर्गांत, सरकारी विमा लागू होण्यास जवळजवळ महिना कां लागतो, असें त्यांनीं विचारल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. सरकारी कारभाराची दिरंगाई दाखविण्यासाठीं तो प्रश्न होता, असा खुलासा त्यांच्या कचेरीनें केला. तो खराहि असेल. परंतु ज्या लक्षावधींना एका महिन्याचा नव्हे, जन्माचा खंड होता, त्यांच्यासाठीं असा प्रश्न त्या वर्गांत कोणी केला नाहीं.

त्या लक्षावधींपैकीं कांहीं मिसूरींत रहात होते. ट्रूमन यांना पहिलें कार्ड मिळालें त्याच राज्यांत. गरिबांसाठीं मेडिकेड नांवाचा निराळा सरकारी विमा आहे. पण मिसूरींत ज्या प्रौढ मनुष्याला मूल नाहीं व अपंगत्वहि नाहीं, तो कितीहि निर्धन असला तरी त्याला त्यांत जागा नव्हती. ऑगस्ट २०२० मध्यें मतदारांनीं सार्वमत घेऊन हें दार उघडलें. लोकेच्छा हेंच आमचें दैवत, असें प्रत्येक निवडणुकींत सांगणाऱ्या तेथील विधिमंडळानें २०२१ मध्यें त्यासाठीं पैसा मंजूर करण्याचें नाकारलें. अखेर जुलै २०२१ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला तेव्हां त्या लोकांना कार्डें मिळालीं.

याच राज्याचे सेनेटर जॉश हॉली. २०१८ मध्यें राज्याचे महाधिवक्ते असतांना ओबामांचा सबंध कायदा रद्द करावा अशा दाव्यांत त्यांनीं मिसूरीला सामील केलें. आणि त्याच वर्षींच्या निवडणुकींत, जुना आजार असलेल्यांना विमा नाकारला जाऊं नये असें आपलेंहि मत आहे, अशी ग्वाही दिली. ती बंदी घालणारें कलम त्याच कायद्यांत होतें. मे २०२५ मध्यें त्यांनीं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें लेख लिहून मेडिकेडला कात्री लावणें हें नीतीच्या दृष्टीनें गैर आणि राजकारणाच्या दृष्टीनें आत्मघातकी आहे असें बजावलें. लेख चांगला होता. १ जुलै २०२५ रोजीं तशी कात्री लावणारें विधेयक सेनेटांत आलें तेव्हां मतें समसमान पडलीं व उपाध्यक्षांच्या मतानें तें पास झालें. बाजूच्या पन्नास मतांत एक हॉली यांचें होतें. खेड्यापाड्यांतील इस्पितळांसाठीं ५० अब्ज डॉलरांचा निधि त्यांत घातला आहे, असें समर्थन त्यांनीं केलें. मग १५ जुलैला, आपणच मत दिलेल्या कायद्यांतील त्या कपातीपैकीं कांहीं रद्द व्हाव्या म्हणून त्यांनीं नवें विधेयक आणलें.

या कायद्यामुळें २०३४ पर्यंत सुमारें एक कोटि लोक अधिक विम्याबाहेर जातील, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प-कचेरीचा अंदाज आहे. त्यांतील तारखांचा क्रम मोठा बोलका आहे. उपाहारगृहांतील वाढप्यांना मिळणाऱ्या बक्षिसीवरील करसवलत २०२५ पासूनच लागू झाली. मेडिकेडवरील धडधाकट प्रौढांनीं महिन्याला ८० तास काम केल्याचा दाखला द्यावा, ही अट राज्यांनीं लागू करावयाची शेवटची तारीख १ जानेवारी २०२७ ठेवली आहे. विधिमंडळाची मधली निवडणूक येते ३ नोव्हेंबर २०२६ ला. बक्षिसी घेणारा वाढपी आणि मेडिकेडचें कार्ड बाळगणारा मनुष्य मिसूरींत पुष्कळदां एकच असतो. मत देण्यास जाईल तेव्हां सवलत त्याच्या खिशांत पडलेली असेल, आणि दाखल्याचा कागद बहुधा अजून टपालांतहि पडलेला नसेल.